एवोदियोचं उष्टं

साखरेनं माणूस मरतो, असं कासिल्दाला चार वर्षं सगळे सांगत होते. तिचा नवरा मेला तो पाण्याच्या टाकीनं. एवोदियो छपरावरची टाकी घासायला चढला, शेवाळावरून पाय सटकला, आणि खाली अंगणात कोंबड्यांच्या मधोमध येऊन पडला. त्या दिवशी त्याची साखर अगदी झकास होती. सकाळीच दवाखान्यातल्या नर्सनं बोट टोचून बघितली होती आणि तिथल्या सगळ्या बायकांना त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

आता बोला! चार वर्षं त्या माणसानं निवडुंगाची भाजी खाल्ली, तीही बिनमिठाची. दालचिनीचं पाणी प्यायला, तेही बिनसाखरेचं. मक्याच्या भाकऱ्या डझनानं खाणारा गडी दोन भाकऱ्यांवर आला. आणि हे सगळं त्यानं काही आपखुशीनं केलं नाही. कासिल्दानं करायला लावलं. साखर दोघांनाही होती. आधी त्याला निघाली, मग तिलाही. धाकट्या पोरानं चोरून उत्तरेकडची सरहद्द ओलांडली आणि सतरा दिवस त्याचा फोन आला नाही, त्या धास्तीनंच आपल्याला साखर लागली असं कासिल्दा म्हणायची. नर्स म्हणायची, धास्तीनं नाही, कोलाच्या बाटल्यांनी. ते काही का असेना, शेजारच्या तेओदोराच्या भावाचा पाय गुडघ्यापासून कापला, तो कासिल्दानं डोळ्यांनी पाहिला होता. घरी आल्या आल्या तिनं गुळाची ढेप कोंबड्यांच्या खुराड्यामागे नेऊन पुरली.

"म्हातारे," एवोदियो म्हणाला होता, "पुरायची पाळी माझी होती, गुळाची नव्हती."

रोज उजाडताच ती त्याला उठवून टेकडीवरच्या कपेलापर्यंत, तिथल्या छोट्या देवळापर्यंत, चालायला न्यायची. मंगळवारी दवाखान्याच्या अंगणात साखरवाल्यांची कवायत असायची. सगळ्या बायकाच, आणि त्यांच्यात हा एकटा पुरुष. हातात झाडूचा दांडा, तो वर करायचा, खाली करायचा. "लग्नाला चाळीस वर्षं झाली," तो म्हणायचा, "शेवटी हिनं माझ्या हातात झाडू दिलाच." बायका हसून हसून बेजार व्हायच्या. कासिल्दा वरवर चिडायची, पण त्याच्याशेजारचा दांडा तिचाच असायचा.

यात एकच गोष्ट बिघडली. लोकांचं येणं-जाणं आटलं. आमच्याकडे घरी आलेल्याच्या हातात गोड पाव आणि काहीतरी गोड प्यायला दिलं नाही, तर त्याला दारातून हाकलल्यासारखंच. आणि लग्नात, बारशाला पुढ्यात आलेली ताटली परत करणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. ही दोघं ताटल्या परत करायची. लोकांनी हळूहळू बोलावणं बंद केलं. "त्यांच्याकडे जायचं कशाला? निवडुंग चघळायला?" असं तेओदोरा भर बाजारात म्हणाली होती. एवोदियो होता तोवर कासिल्दाला त्याचं काही वाटलं नाही. दोघं एकमेकांना पुरत होती. तो गेल्यावर मात्र घर खायला उठलं. दोन्ही पोरं उत्तरेत, कागदपत्रांवाचून. एकदा परत आली तर पुन्हा जाता यायचं नाही, म्हणून यायची नाहीत. रविवारी फोन करायची, आणि पहिला प्रश्न हाच, "आई, साखर किती?"

ती तरीही चालायला जात होती. एकटीच. कपेलाच्या पायरीवर बसून उजव्या बाजूला जरा जागा सोडायची, सवयीनं.

मृतांचा सण आला. गेल्या वर्षी एवोदियोचं पहिलंच वर्ष होतं, तेव्हा रीतीप्रमाणे अख्खं गाव मेणबत्त्या घेऊन आलं होतं. नैवेद्याची वेदी पोरांच्या धर्मबापांनी मांडली, रांधलं बायकांनी, आणि त्या गर्दीत कासिल्दाला नवऱ्याशी एक शब्द बोलायची सवड मिळाली नाही. यंदा दुसरं वर्ष. यंदा कुत्रंही फिरकणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं मनाशी म्हटलं, बरंच झालं. यंदा तो आणि मी.

आणि तिनं ठरवलं, चार वर्षांत जे जे तोंडातून काढून घेतलं ते सगळं त्याला द्यायचं. मेलेल्याला कसली आलीय साखर!

तीन दिवस ती राबली. मोलेच्या दाट रश्शासाठी मिरच्या भाजल्या, वाटल्या. खुराड्यामागे खणून पाहिलं, तर पुरलेल्या गुळाचा मुंग्यांनी कधीच फडशा पाडला होता. नवी ढेप आणून अख्खा भोपळा गुळात शिजवला, पाक बोटाला चिकटेपर्यंत. भट्टीतून मृतांचा पाव आणला, वर हाडांची नक्षी आणि साखरेचा थर असलेला. कोलाची मोठी बाटली आणली. दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली, राळेचा धूप घातला, त्याची टोपी मधोमध ठेवली. एक तारखेला दुपारी बारा वाजता देवळाच्या घंटा झाल्या, फटाके उडाले, मोठ्या माणसांचे आत्मे गावात शिरले. कासिल्दा वेदीसमोर खुर्ची ओढून बसली. दुसऱ्या दिवशी बाराच्या घंटेला ते परत जाईपर्यंत ती बसून होती. मेणबत्ती विझू दिली नाही. डोळ्याला डोळा लागू दिला नाही. तो आला की कळायला हवं ना!

मेलेले काही घास तोडून खात नाहीत. वास घेतात, चव घेतात, अन्नातला कस घेऊन जातात. मागे उरतो तो चोथा. म्हणून तर आमच्याकडे वेदीवरचं अन्न दुसऱ्या दिवशी कुणालाच चवदार लागत नाही. ते टाकायचं मात्र नाही. टाकलं तर मेलेल्याचा अपमान. जिवंतांनी वाटून घ्यायचं आणि संपवायचं.

घंटा झाल्या. कासिल्दा उठली. गुडघे धरले होते. तिनं पावाचा तुकडा मोडला, भीतभीतच जिभेवर ठेवला.

काही म्हणजे काही चव नाही! कापूस चावल्यासारखा पाव.

"आलास रे बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडली. चोवीस तास उघड्यावर, धुरात ठेवलेला पाव आणखी कसा लागणार, असं तुम्ही-आम्ही म्हणू. पण आपल्या घरी कुणीतरी जेवून गेलंय, हे समजायला त्या बाईला दुसरं काही नको होतं.

तिनं एक ताट तेओदोराकडे नेऊन दिलं. तेओदोरा दारातच म्हणाली, "अगंबाई, तुझ्याकडचा भोपळा? गोड आहे की त्यातही निवडुंग घातलास?" आणि रीत म्हणून तिनं आपल्या वेदीवरचं ताट दिलं, पाव आणि रताळ्याचा गोड सांजा. आत ये, बस, असं मात्र म्हणाली नाही. कासिल्दा दोन ताटांचं अन्न घेऊन घरी आली आणि जेवायला बसली.

किती वर्षांनी ती नवऱ्याचं उष्टं खात होती! पूर्वी तो ताटात मुद्दाम एक घास ठेवायचा, "घे म्हातारे, तुझी मजुरी," म्हणायचा. भोपळा जरासा गोड लागला खरा. ती हसली. भांडं खरवडून खायची त्याला कधीच सवय नव्हती, तळाशी काहीबाही ठेवायचाच. कोलातला वायू उडून गेला होता. तोही त्यानंच नेला असणार. ज्यातली साखर तो घेऊन गेला, त्यानं तिला काय होणार होतं? ती सकाळी खायची, दुपारी खायची, वेदीसमोर त्याच खुर्चीवर बसून त्याच्याशी बोलत खायची. पोरांचं सांगायची, टाकीला आता झाकण बसवलंय ते सांगायची. चालायला गेली नाही. पाहुणा घरात असताना कुणी फिरायला जातं का? घंटेला आत्मे निघतात खरे, पण आठ दिवस घराभोवती रेंगाळतात, तोवर वेदी हलवत नाहीत.

पाचव्या-सहाव्या दिवशी तिला तहान लागायला लागली. घागर रिती करावी तरी घसा कोरडा. टोपीची कड अंधूक दिसू लागली. अंगातून कुणी ताकद काढून घ्यावी तसे पाय. जागरणाचा शीण, असं तिनं ठरवून टाकलं. आठव्या दिवशी मंगळवार आला, कवायतीचा. ती भिंतीला धरधरून दवाखान्यात पोचली.

इत्सेल नर्स, कोवळ्या वयाची, जिभेला तिखट, पण मनानं चांगली. तिनं बोट टोचलं, आकडा बघितला, आणि दुसरं बोट टोचलं.

"चारशेच्या वर! कासिल्दाबाई, काय खाल्लंत तुम्ही?"

"काही नाही गं. एवोदियोचं उरलेलं."

"उरलेलं म्हणजे? वेदीवरचं? पाव?"

"पाव, भोपळा. पण त्यात काही नव्हतं. तो सगळं घेऊन गेला होता."

"काय घेऊन गेले होते?"

"गोडवा. साखर. अगं, तुला माहीत नाही का? तुमच्याकडे मांडत नाहीत?"

"मांडतो की. आजीची मांडते मी." इत्सेल हळू म्हणाली, "चव जात असेल, बाई. साखर नाही जात. ती सगळीच्या सगळी तिथेच असते. हा आकडा बघा ना."

कासिल्दानं आकडा बघितला. तो तिला अंधूकच दिसला.

"सगळी?" तिनं विचारलं. "कणभरसुद्धा कमी नाही?"

"कणभरसुद्धा नाही."

"म्हणजे त्यानं हात लावला नाही."

इत्सेलनं डॉक्टरला फोन लावला, आणि डॉक्टरनं सांगितलं तशी इन्सुलिनची सुई दिली. या सुईनं माणूस आंधळा होतो, असं गावात म्हणतात आणि कासिल्दा तिला चार वर्षं घाबरत आली होती. आज तिनं मुकाट्यानं दंड पुढे केला. तिला दुपारपर्यंत खाटेवर झोपवून ठेवलं, पाणी पाजलं, पुन्हा पुन्हा बोटं टोचली. "उद्या सकाळी उपाशीपोटी यायचं. उतरली नाही, तर शहरातल्या इस्पितळात. आणि ते सगळं आजच्या आज घराबाहेर काढा, माझी शपथ आहे." अंगणात बायका दांडे वर-खाली करत होत्या. कासिल्दाची आणि तिच्याशेजारची एवोदियोची जागा रिकामीच होती, कारण तिथे उभं राहायचं कुणाला सुचत नव्हतं.

घरी आली आणि वेदीसमोर उभी राहिली.

"मेल्या," ती म्हणाली, "होतास कुठे?"

झेंडू वाळून काळपट पडला होता.

"वाट घातली, दिवा ठेवला, हाताची सालटं निघेस्तोवर वाटलं. आणि तू आलाच नाहीस! मी आपली येड्यासारखी बोलतेय, टाकीचं काय नि झाकणाचं काय! कुणाशी बोलत होते मी आठ दिवस?" तिनं भोपळ्याचं भांडं उचललं आणि अंगणात भिरकावून दिलं. कोंबड्या धावल्या. अपमान तर अपमान. कुणाचा होणार होता? आलं कोण होतं?

मग ती खुर्चीवर बसली. सण ज्या खुर्चीवर बसून काढला, त्याच खुर्चीवर. समोर टोपी. आणि बसल्या बसल्या तिला तेओदोराच्या पुतणीचं लग्न आठवलं. केकची परात फिरत फिरत आली, एवोदियोनं हात पुढे केला, आणि तिच्याकडे बघितलं. तिनं नुसती मान हलवली. त्यानं हात खिशात घातला. पुढे पुढे तर ती समोर असली की तो परातीकडे बघतही नसे.

आणि यंदाच्या सणाला? एका बारापासून दुसऱ्या बारापर्यंत ती इथेच बसली होती, डोळे वटारून, पहारा दिल्यासारखी. तिच्यासमोर तो खाईलच कसा? आला असेल. पाकळ्यांवरून चालत आत आला असेल, हे एवढं पक्वान्न बघितलं असेल, आणि मग तिच्याकडे. ती हलली नाही, हो म्हणाली नाही. त्यानं हात खिशात घातला असेल आणि घंटा होईपर्यंत उपाशी उभा राहिला असेल बिचारा.

"अरे, मी तुझ्यासाठीच केलं होतं रे," ती म्हणाली. "विचारायचंस तरी."

सूर्य कलायला अजून अवकाश होता. आज आठवा दिवस, शेवटचा. तिनं पाव, कोला, सांजा, सगळं कोंबड्यांच्या हवाली केलं. कुंपणालगतच्या निवडुंगाची दोन पानं कापली, काटे सोलले, उकडली. मीठ घातलं नाही. दालचिनीचं पाणी केलं. साखर घातली नाही. ते ताट टोपीसमोर ठेवलं. मग चपला घालून दार उघडंच टाकलं आणि बाहेर पडली. आता घरात कुणी बघायला नव्हतं. त्यानं निवांत खावं.

पाय लटपटत होते, म्हणून ती कपेलापर्यंत गेली नाही. वळणावरच्या दगडापर्यंत गेली, तिथे बसली, उजवीकडे जागा सोडून. गावातून पोरांचे आवाज येत होते. तिनं घाई केली नाही. तो सावकाश जेवायचा.

परत आली तेव्हा ताट होतं तसंच होतं. भाजी गार झालेली. तिनं एक तुकडा तोंडात टाकला, हळूहळू चावला, पुन्हा दुसरा टाकला.

अगदी बेचव होती. पण ती भाजी तर नेहमीच बेचव लागायची.

"खाल्लंस का रे?" तिनं विचारलं.