विहिणींच्या पंगतीत सोनाबाई

कुर्डुवाडीत सोनाबाईनं शिवलेल्या पोलक्याशिवाय लग्न लागत नसे. पण एकाही लग्नात ती पंगतीला बसली नव्हती. लहानपणच्या तापात तिचा डावा गुडघा आखडला तो कायमचा. मांडी घालता येईना, म्हणून लग्नघरची माणसं तिला कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यावर बसवायची आणि सगळ्यांच्या आधी भरलेलं ताट आणून द्यायची. माया होती, नाही असं नाही. पण ‘आक्काला तरास नको’ हे ऐकून ऐकूनच तिला खरा त्रास व्हायचा. बाहेर मांडवात हसणंखिदळणं चाललेलं, आणि आत सोनाबाई आणि उंदीर.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तिच्या धाकट्या भावाच्या मुलीचं, शालनचं लग्न निघालं. सोनाबाईनं आठ दिवस आधीच सुताराकडून दोन स्टुलं करून घेतली. एक बसायला, एक पत्रावळ ठेवायला.

“विहिणींच्या पंगतीत जेवणार. न्हायतर उपाशी घरी जाणार,” तिनं भावाला सांगून टाकलं.

भाऊ महिपती रेल्वेच्या कारखान्यात फिटर. धडधडत्या इंजिनाला तो भीत नसे, व्याह्यांना मात्र फार भीत असे.

“आक्का, समद्या खाली अन् तू उंचावर? नवऱ्याची आजी बजाबाई खाली बसनार. तिच्या डोक्याच्या वर तू बसलीस तर रुसवा हुईल की! पोरीला जल्मभर ऐकावं लागंल.”

इथं मात्र सोनाबाई नरमली. स्वतःसाठी ती अख्ख्या गावाशी भांडली असती, पण शालनला सासरी बोलणी बसली तर? ती काठी टेकत शालनकडे गेली आणि म्हणाली, “मी आपली कोठीतच बसते गं.”

हळदीनं माखलेल्या शालननं मान वर केली. “बस की. मग माझं बी ताट तितंच आन. नवरी कोठीत जेवली म्हंजी रुसवा कुनी करायचा ते बघू!”

लग्न लागलं. विहिणींची पंगत मांडली गेली. मधोमध बजाबाईचा पाट, भोवती रांगोळी. जेऊरची ही म्हातारी तिखट म्हणून चार गावांत नावाजलेली. दोन सुनांनी दंड धरून तिला खाली बसवलं. तेवढ्यात सोनाबाई आली. एक स्टूल काखेत, दुसरं वाढप्याच्या डोक्यावर. समोरच्या ओळीत जागा करून ती ऐटीत बसली. वाढणाऱ्याचा हात वरणाच्या बादलीतच राहिला.

“ही कोन?” बजाबाईनं विचारलं.

“नवरीची आत्या,” महिपती हात जोडून पुढं झाला. “तिचा पाय जरा...”

“मी सांगते,” सोनाबाई म्हणाली. “आजी, माझा गुडघा वाकत न्हाय. तुमचा मान कमी करायला न्हाय बसले. तुमच्यासंगं जेवायला बसले.”

बजाबाईनं तिला खालून वर न्याहाळलं. स्टुलाकडे तर जरा जास्तच वेळ.

“उठवा मला,” ती सुनांना म्हणाली.

झालं! महिपतीनं डोक्यावरची टोपी काढली आणि आता ती म्हातारीच्या पायावर ठेवायची की आपलं तोंड झाकायचं, या विचारात तो उभा राहिला.

“पाव्हनं, ह्यो कुटला न्याव?” उभी राहून बजाबाई कडाडली. “तुमच्या भनीला स्टूल, अन् मला म्हातारीला भुई? दोन सालं झाली, खाली बसलं की गुडघ्यातनं जीव जातो माझा. मानाची म्हनून समदी पयली मलाच पाटावर बशिवत्यात! मानाच्या बाईनं बाकडं मागायचं कुनाकडं?”

वऱ्हाडाचा जानवसा शाळेत होता, त्यामुळं बाकं हाताशीच होती. दहा मिनिटांत दोन्ही ओळींत बसायला आणि पानं मांडायला बाकं आली. तोवर आणखी सात-आठ जणींना आपापले गुडघे आठवले. त्यांत पंचविशीची एक सून होती. तिला बजाबाईनं नुसत्या नजरेनं खाली बसवलं. स्वतःचं बाक मात्र तिनं सोनाबाईला खेटून लावायला सांगितलं.

जिलेबी आली. वाढप्यानं आग्रह केला, सोनाबाईनं घेतली. पुन्हा केला, पुन्हा घेतली. पाचव्या जिलेबीला बजाबाईला राहवेना.

“अगं, न्हाय म्हनायचं आसतं! पत्रावळीवर हात आडवा धरायचा.”

कोठीत कुणी दुसऱ्यांदा वाढायलाच येत नसे. तिथं नको म्हणायला कोण शिकणार? सोनाबाईनं हात आडवा धरला. वाढप्यानं सहावी जिलेबी तिच्या बोटांवरच ठेवली आणि अख्खी ओळ हसली. सोनाबाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

एकटीनं भराभर जेवायची सवय. तिचं पान सगळ्यांच्या आधी रिकामं झालं. तिनं काठीला हात घातला.

“कुटं निघालीस?” बजाबाई म्हणाली. “पंगत उठायची हाय अजून.”

सोनाबाईनं काठी ठेवली. बजाबाईच्या तोंडात दोन दात, पानात अख्खा लाडू आणि सांगायला सगळं जेऊर. सोनाबाईचा हात वाळला, बोटांना चिकटलेली शितं कडक झाली. ते बघून महिपती लगबगीनं तांब्या घेऊन आला.

“आक्का, हातावर पानी घालू का?”

“थांब की जरा,” सोनाबाई अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “आमचं जेवन चाललंय अजून.”