डब्याच्या पिशवीतली बारा कार्डं

लाईन लीडरच्या परीक्षेत ज्ञानेश दोनदा आपटला होता. कंपनीचा नियम असा, की तिसरी संधी शेवटची. दोन्ही वेळा आदल्या दिवशी त्यानं अख्खं पुस्तक घोटलं, आणि पेपर समोर येताच डोक्यात नुसता प्रेस मशीनचा धडधडाट.

यंदा अकरावीतल्या अबोलीनं बापाला प्रश्नांची कार्डं करून दिली. "चुकेल ते शर्टाच्या खिशात, रोज विचारायचं. जमलं की पँटच्या खिशात, तीन दिवसांनी. पक्कं झालं की डब्याच्या पिशवीत, आठवड्यानं."

"आणि मधे विसरलो तर?"

"थोडं विसरायलाच हवं, बाबा. आठवायला जोर लागला की बसतं."

हे ज्ञानेशला लगेच पटलं. देवळात कीर्तनाला तो टाळ धरून उभा राहायचा. बुवा अभंगाचं चरण घेतात, दृष्टांतात शिरतात, हसवतात, रडवतात. चरण आता विसरलंच म्हणावं, तोच नेमके त्यावर येतात. मग ते जन्मभर पुसलं जात नाही.

परीक्षेच्या सकाळी कंपनीची बस पिंपळे गुरवहून सुटली. पिशवीतली बारा कार्डं आज बघायची होती. भोसरीला त्यानं पायाशी हात घातला, तर पिशवीच नाही. आज एकादशी; उपासाला डबा कसला?

शेजारी मेंटेनन्सचा वजीर. "भावा, उपास पोटाला होता. डोक्यालाबी ठेवला का?"

"हसू नका, वजीरभाई. आज गेलं तर गेलंच."

"अरे, महिनाभर मीच विचारतोय ना? कार्डं घरी राहिली, प्रश्न इथंच आहेत. बोल, प्रेसमध्ये हात घालायच्या आधी?"

"वीज बंद, कुलूप, किल्ली आपल्या खिशात."

मोशीपर्यंत सात झाली. कपाळाला आठ्या पडत, मग खोल विहिरीतून पोहरा यावा तसं उत्तर वर येई. चाकणला ट्रकांमागं बस अडकली, तेव्हा एरवी करवादणारा ज्ञानेश म्हणाला, "अडकू दे जरा." अकरा झाली.

"माप तपासायचं गेज हातातून पडलं तर?"

बारावं काही येईना. बस गेटात शिरली.

संध्याकाळी फळ्यावर यादी लागली. ज्ञानेशचं नाव होतं. वजीर दोन केळी घेऊन उभाच. "हे चालतं ना एकादशीला?"

"पळतं. जिलबी उद्या, उपास सुटल्यावर."

"बारावं आलेलं का पेपरात?"

"आलेलं. चुकलो." ज्ञानेशनं पांडुरंगाला हात जोडले, कागदाच्या चिठोऱ्यावर तो प्रश्न लिहिला आणि शर्टाच्या खिशात घातला.

"पास झालास की. आता कशाला?"

"उद्यापासून लाईन माझी," ज्ञानेश केळं सोलत म्हणाला. "गेज कुणाच्या तरी हातून पडणारच."