मार्चमध्ये तुंबलेली म्हैस

"आता जे सांगणार हाय त्याच्यावर तुमच्यातला एकबी इश्वास ठेवायचा न्हाई," गहिनीनाथअण्णा म्हणाले आणि बाकावर शेजारी बसलेल्या निकितानं बॅग मांडीवर ओढली. अण्णांनी अशी सुरुवात केली की पुढचा अर्धा तास खऱ्याला तिथं टेकायलासुद्धा जागा उरत नसे.

तिसगावच्या स्टँडसमोरचं चांगुणाबाईचं हॉटेल. पाथर्डीहून नगरला जाणारी एसटी वीस मिनिटं उशिरा, म्हणजे तशी वेळेवरच. अण्णा निकिताचे चुलत आजोबा. चाळीस वर्षं म्हशींच्या बाजारात दलाली केलेला माणूस. आज ते तिला गाडीत बसवून द्यायला आले होते, कारण बारा वाजता नगरच्या सावेडीत तिची मुलाखत होती.

पुण्याच्या एका गुंतवणूक कंपनीला अभ्यास करून सल्ला देणारी माणसं हवी होती. अट साधी होती. एखादी कंपनी निवडा, तिची पाळंमुळं खणून काढा आणि आमच्यासमोर सात मिनिटं बोला.

खणण्यात निकिताचा हात धरणारं कॉलेजात कुणी नव्हतं. बोलण्याचं मात्र अवघड होतं. सरावाच्या दिवशी ती वर्गासमोर उभी राहिली, "गुड मॉर्निंग" म्हणाली आणि उरलेली सहा मिनिटं पन्नास सेकंद पाणी प्यायली. दोन बाटल्या संपल्या. माधुरी मॅडमनी शेरा लिहिला, 'संशोधन उत्तम. आवाज ऐकायचा योग आला नाही.'

त्यामुळे आत्ता मांडीवरच्या बॅगेत छापलेल्या एक्केचाळीस स्लाइडा होत्या, पुढ्यात चांगुणाबाईनं ठेवलेला पाण्याचा ग्लास होता आणि त्या ग्लासाकडं बघूनच निकिताला घाम फुटत होता.

"कशावर इश्वास ठेवायचा न्हाई?" टेम्पोवाल्या रामहरीनं चहात खारी बुडवत विचारलं.

"ह्या पोरीनं गेल्या सोमवारी सावेडी गाजवली त्याच्यावर."

निकितानं मान वळवली. गेल्या सोमवारी ती घरात शेंगा फोडत होती.

"जनावरांची पेंड करणारी ती कासधारा कंपनी हाय बघ," अण्णा म्हणाले, "तिचा हिनं अभ्यास केला. आता शहरातली पोरं काय करत्यात, कॉम्प्युटरवर बघत्यात. ही न्हाई. ही दुकानं फिरली. किती? तीन हजार एकशे."

एकतीस, निकिता मनातल्या मनात म्हणाली.

"स्कुटीवर?"

"स्कुटी राहुरीतच दमली. तिथनं पुढं म्हशीवर. कोपरगावला पोचली तवा दुकानदारांनी हार घातले, म्हशीला. मग हिनं एक पोतं इकत घेतलं आन् पेंड त्या म्हशीला घातली. रामहरी, तुला सांगतो, म्हशीला धार लागली ती थांबंना. बादल्या भरल्या, घंगाळं भरलं, शेवटी पाण्याच्या टाकीत सोडली. गावाला दोन दिवस नळानं दूध."

"माझ्या भावकीतले हायेत कोपरगावात. कुणी बोललं न्हाई."

"त्येंची पाणीपट्टी थकली आसंल."

चांगुणाबाई कपबशा विसळता विसळता खुदकन हसली. निकिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं अण्णांच्या धोतराचा सोगा हळूच ओढला. अण्णांनी तो हळूच सोडवून घेतला.

"मग मुलाखत. पाच सायेब, एसीची खोली. ही बोलायला उठली. पयल्या मिनिटाला एसीनं घरघर बंद केली, ऐकू येईना म्हणून. दुसऱ्या मिनिटाला भिंतीवरची पाल खाली आली आन् टेबलावर बसली, आगदी पुढच्या रांगेत. सातव्या मिनिटाला मोठ्या सायबाच्या डोळ्यात पाणी. म्हनला, बाई, आता पगाराचं बोलू. मी म्हनलं, आसं उघड्यावर न्हाई. उपरणं टाकलं हातावर, आन् बाजारात करतो तसा खालनं बोटांनी सौदा."

"कितीला तुटला?"

"सायबाची दहा बोटं सपली. शेजारच्या सायबाची उसनी घ्यावी लागली."

रामहरीनं खारीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, हात झटकले आणि एकदम कामाच्या आवाजात विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या. कंपनी कशी निघाली?"

"एक नंबर," अण्णा म्हणाले. "विक्री दर साली वाढतीय. पोरगीनंच सांगितलं सायबांना, डोळं झाकून शेअर घ्या."

निकिताचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. अहवालाच्या पहिल्याच पानावर तिनं ठळक अक्षरात लिहिलं होतं की ह्या कंपनीपासून लांब राहा.

रामहरीनं मोबाईल काढला. "टेम्पोच्या टायरांचे अठरा हजार पडून हायेत. पोरानं ते शेअरचं ॲप घालून दिलंय. चांगुणाआक्का, कासधारा इंग्रजीत कसं लिवायचं?"

"सी घाल का के घाल," चांगुणाबाई म्हणाली.

"के न्हाई घेत. आं, घेतलं. आलं बघ नाव."

त्याचा अंगठा काचेवर जाऊन टेकणार, एवढ्यात कुणीतरी म्हणालं, "रामहरीकाका, थांबा."

आवाज खणखणीत होता. कोण बोललं म्हणून निकितानंही इकडंतिकडं पाहिलं. मग तिच्या ध्यानात आलं.

"अण्णा खोटं सांगताहेत," ती म्हणाली. "ती कंपनी घेऊ नका."

"पर विक्री वाढतीय म्हनं?"

"कागदावर वाढतीय." बॅगेची चेन उघडायला तिचा हात गेला. एकोणिसावी स्लाइड काढावी का बाविसावी? मग रामहरीच्या कपाळावरची आठी तिला दिसली आणि हात आपोआप मागं आला. "काका, बाजाराच्या दिवशी म्हशीची कास एवढी टम्म का दिसते?"

"का म्हंजी? दोन वेळची धार काढलेली नसती. तुंबवून आणत्यात."

"मग तुम्ही फसता?"

"मी?" रामहरीला ते लागलं. "मी धार काढून बघतो. आन् दुसऱ्या दिशी परत काढून बघतो. खरं दूध दुसऱ्या दिशी कळतं."

"मी पण तेच केलं. मार्चमध्ये हिशेबाचं वर्ष संपतं. तो ह्या कंपनीचा बाजाराचा दिवस. त्या महिन्यात ती दुकानदारांच्या गळ्यात पोती घालते. पैसे मागनं द्या, खपलं नाही तर परत करा, फक्त आत्ता घ्या. कागदावर विक्री टम्म. मी मार्चमध्ये एकतीस दुकानं फिरले, तीन हजार नाही, आणि जूनमध्ये तीच एकतीस परत फिरले. बावीस दुकानांत पोती होती तशीच पडलेली."

"दुकानदार खरं सांगतोय कशावरनं?" चांगुणाबाईनं विचारलं.

हा प्रश्न साहेब विचारतील म्हणून निकितानं पंधरा दिवस धास्ती घेतली होती. "दुकानदाराला विचारलंच नाही, काकू. हमालांना विचारलं. आणि पोत्यांवरची तारीख बघितली. कोपरगावात एका गोदामात त्या पोत्यांवर मांजर व्यालं होतं. जूनमध्ये गेले तर पिल्लं मोठी होऊन उंदीर धरत होती, पोती तिथंच."

"आन् जनावरं काय म्हनत्यात?" रामहरीनं विचारलं.

"पेंड वाईट नाही. म्हशी खातात. पण कंपनीला येणारी उधारी विक्रीच्या दुपटीनं वाढलीय, म्हणजे माल गेला आणि पैसा आलाच नाही. माझं चुकूही शकतं. नवीन कारखान्याचं काम चाललंय, तो चालला तर दोन वर्षांनी चित्र बदलेल. तेव्हा मी परत फिरेन आणि सांगेन. आज मात्र टायर घ्या."

रामहरीनं मोबाईल बंद केला आणि छातीच्या खिशात घालून वरून बटण लावलं.

निकिता बाकावर बसली. आपण उभ्या होतो हे तिला तेव्हा कळलं. पुढ्यातला पाण्याचा ग्लास काठोकाठ होता तसाच होता. वळणावर एसटीचा भोंगा वाजला.

"आरं तिच्या," अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "आसं हाय व्हय? मला काय ठाव. मी अंगठ्यावाला माणूस. कंपनी चांगलीच आसंल म्हनून बोलून गेलो."

चांगुणाबाईनं हातातली बशी पालथी घातली.

"अण्णा, खोटं बोलू नका. परवा दुपारी ह्याच बाकावर बसून तुमी माझ्याकडनं तिचा सगळा रिपोर्ट तीनदा वाचून घेतला. मांजराच्या पिल्लांपाशी तर दोन येळा थांबवलं मला. आन् ही बोलायला लागली तवापासनं उपरण्याखाली घड्याळ धरून बसलाय, ते मला दिसत न्हाई व्हय? किती मिनिटं झाली, तेवढं तरी खरं सांगा."