हुंकार

सुमंगलाबाई समुपदेशनाच्या प्रशिक्षणाला पाच दिवस परभणीला गेल्या, तेव्हा बोरीच्या त्यांच्या शाळेनं जरा निवांत श्वास घेतला म्हणतात. बाईंच्या तोंडाला झाकण कसलं ते नव्हतंच! प्रशिक्षणातल्या नचिकेत सरांनी सगळ्यांना वहीत लिहायला लावलं, ‘लेकरू बोलताना आपण मधे बोलायचं नाही.’ बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की परत आल्या त्या तोंडाला कुलूप लावूनच.

इतकं मनावर घ्यायला कारण होतं सहावीतली निकिता. संक्रांतीला तिची आई, सरजाबाई, गेली आणि पोरीची वाचाच बसली. चुलते आबासाहेब सांगून गेले होते, “बाई, पोरगी बोलंना, लिहिना. शाळेत बसून काय करायलीय? शनवारी दाखला द्या, घरी ऱ्हाईल.”

शुक्रवारी दुपारी बाई तिला घेऊन लिंबाखाली बसल्या. दुपार अशी गुंगीची, की रुईच्या म्हाताऱ्यासुद्धा खाली पडायचं विसरून हवेत नुसत्या तरंगत होत्या. खिचडीची भांडी घासल्याचा आवाज झोपेत ऐकू यावा तसा लांबून येत होता. किती वेळ गेला कोण जाणे.

“आई गोष्ट सांगायची,” निकिता म्हणाली.

बाई गप्प.

“टिटवीची.” पोर थांबली. बाईंच्या तोंडाकडं बघत राहिली. बाईंचे ओठ घट्ट मिटलेले. हळूहळू तिनं मान खाली घातली.

बाईंना एकदम उमगलं. अगं माय, गोष्टीला हुंकार नको का? ऐकणारानं हूं म्हटलं नाही, तर सांगणारानं पुढं जावं कसं? चुलीत गेली ती वही!

“हूं,” बाई म्हणाल्या.

“मी हुंकार द्यायचे.”

“हूं.”

“आईला लय दम लागायचा. तरी सांगायची. त्या राती हूं म्हणता म्हणता मी झोपले. सकाळी उठले, तर आई उठंना.”

“हूं.”

“मी झोपले म्हणून गोष्ट थांबली. जागी असते तर आई ऱ्हायली असती.”

सल्ला द्यायचा नाही, हेही बाईंना पाठ होतं. पण त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

“येडी का काय माय? आई गोष्ट सांगती कशाला? लेकरू झोपावं म्हणून. तू झोपलीस, ते तिनं डोळ्यानं बघितलं. तिची गोष्ट पुरी झाली गं.”

निकिता बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून शाळा सुटेपर्यंत झोपली.

शनिवारी आबासाहेब दाखल्याचा अर्ज घेऊन वर्गाच्या दारात उभे राहिले. बाईंना दुसरं काही सुचेना. त्यांनी खडू ठेवला.

“एक होती टिटवी.”

बाईंनी मागच्या बाकावरच्या निकिताकडं बघायचं धाडस केलं नाही.

“हूं,” मागच्या बाकावरून आवाज आला.

आबासाहेबांनी अर्ज घडी करून खिशात घातला, चपला दारात काढल्या आणि भिंतीला टेकून बसले.

“मंग?” ते म्हणाले. “फुडं काय झालं, बाई?”