सकाळचा फोन, संध्याकाळचा फोन

चहाचा ट्रे दोन्ही हातांनी धरून म्हातारे स्वयंपाकघरातून निघाले, तशी ती खुर्चीतून अर्धी उठली.

"बसा, बसा," ते म्हणाले. "सांडला तर माझ्या घरात सांडेल. तुम्हाला पुसायला लावणार नाही."

आवाज मात्र म्हातारा नव्हता. उभा जन्म त्यांनी बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवला होता. साखर किती, एवढं विचारलं तरी एखादी गाडी फलाटाला लागतेय असं वाटायचं. आई त्यांना 'स्टँडवाले' म्हणायची. आईला जाऊन पंधरा दिवस झाले होते.

आईचा क्लब लहानसा, टायरच्या दुकानावरच्या एका खोलीतला. आजाऱ्यांना खाटा आणि कुबड्या वापरायला द्यायच्या, कुणाला रक्त लागलं तर माणूस शोधायचा, आणि एकट्या राहणाऱ्यांना रोज एक फोन करायचा. आईकडे फोनचं काम होतं. क्लबचा एक दंडक होता. फोन करणारं माणूस कायमचं थांबलं, तर त्याच्या घरच्या कुणीतरी पलीकडच्याला एकदा समोरासमोर भेटून यायचं. फोनवर जुळलेलं फोनवर संपवायचं नाही. म्हणून ती आली होती. आईचं घर जवळजवळ आवरून झालं होतं. हे उरकलं की तिला आपल्या गावी परतायचं होतं.

आईला तिथे एकटं का ठेवलंस, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं: आईला वेळच कुठे असायचा? रविवारी फोन केला की दहा मिनिटांत म्हणायची, "चल, ठेवते. माझे स्टँडवाले ताटकळले असतील. एकटा जीव आहे बिचारा." या वाक्याच्या भरवशावर तिने इतकी वर्षं निर्धास्त काढली होती. या पंधरा दिवसांत मात्र ते पुरेनासं झालं होतं. आई एकटी पडली नव्हती, एवढंच तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

"आई तुमच्याबद्दल फार बोलायची, काका."

"बोलणारच. त्यांना दुसरं होतं कोण?" ते हसले. "रागावू नका हं. तुम्ही लांब, नोकरी, संसार. म्हणून तर क्लबच्या टेलरबाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, एक बाई आहेत, नवरा गेलाय, मुलगी परगावी, कुणात मिसळत नाहीत. रोज संध्याकाळी एक फोन करत जा. घेतलं मी ते काम."

तिने ओठांपर्यंत नेलेला कप खाली ठेवला.

"तुम्ही क्लबचं काम करता?"

"पहिल्यापासून. एक दिवस चुकवला नाही. पण त्यांना कधी कळू दिलं नाही हं. आपल्यावर उपकार चाललेत असं माणसाला वाटता कामा नये. सहज केलाय, असं दाखवायचं."

सहज केलाय, असं दाखवायचं. याच शब्दांत आईने तिला हे काम समजावून सांगितलं होतं.

"आणि सकाळी?" तिने जपून विचारलं.

"सकाळी त्याच करायच्या. गोळ्या घेतल्या का, नाश्ता केला का. मी म्हणायचो, करू दे. बिचारीला तेवढाच विरंगुळा."

तिला हसू फुटलं आणि अर्ध्यावरच अडकलं. ती खिडकीबाहेर बघू लागली.

"सुरुवातीला हो-नाहीच्या पुढे जायच्या नाहीत," ते सांगत होते. "मग मी युक्ती केली. म्हटलं, गुडघा धरलाय. झालं! काय शेकलंत, काय चोळलंत, डॉक्टर काय म्हणाले. दवाखान्याच्या औषध-खिडकीत आयुष्य गेलेलं ना त्यांचं! कुणाचं काही दुखत असलं की त्यांना बोलायला सुचायचं. तेव्हापासून गुडघा चालूच ठेवला मी."

"म्हणजे गुडघा खोटा?"

"साफ खोटा," असं म्हणत ते टेबलाला धरून उठू लागले. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा उठले आणि भिंतीला हात लावत बिस्किटांचा डबा आणायला कपाटापर्यंत गेले.

"आणि ती? ती काय सांगायची?"

"त्यांचा नळ! सदा गळायचा. वॉशर कसा बदलायचा हे मी त्यांना किती वेळा शिकवलं असेल! बाई हुशार, पण ते काही डोक्यात शिरेना."

आईच्या घरात एकही नळ गळत नव्हता. पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर आई चमच्यांच्याच खणात ठेवायची.

"रविवारी मात्र आवाज अगदी बसलेला असायचा. म्हणायच्या, मुलगी दोन-दोन तास सोडत नाही." त्यांनी डबा तिच्यापुढे सरकवला. "नशीब काढलं हो बाईंनी. आजकाल कुठली मुलगी एवढं बोलते?"

तिने एक बिस्कीट घेतलं आणि बशीत त्याचे तुकडे करत राहिली. पुष्कळ तुकडे झाले.

"काका, आई एकटी होती का हो?"

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं.

"मी होतो ना," ते म्हणाले.

तिथून ती थेट क्लबात गेली, तेव्हा खोलीत टेलरबाई रुग्णांच्या खाटांसाठी चादरी शिवत बसल्या होत्या. शिवणाचं दुकान बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण क्लबच्या अध्यक्ष झाल्या तरी नाव तेच राहिलं होतं. ती दारातूनच म्हणाली,

"तुम्ही दोघांनाही फसवलंत."

टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"दोघांनाही सांगितलं की पलीकडचं माणूस एकटं आहे. यात खोटं काय?"

"आईला कळलं असतं तर?"

"मला झाडूनच काढलं असतं! आधी सरळ विचारायला गेले होते मी. रोज कुणी तुझी चौकशी केली तर चालेल का? म्हणाली, मी काय म्हातारी झालेय? त्या स्टँडवाल्यानेही तेच सुनावलं. आठ दिवसांनी पुन्हा गेले. म्हटलं, जरा मदत हवी होती. दोघंही एका पायावर तयार."

"म्हणजे क्लबात खरं काम करणारे आहेत तरी किती?"

"सगळेच."

"आणि ज्यांच्यासाठी करायचं ते?"

"तेही सगळेच. उभी काय राहिलीस? तो कोपरा धर."

तिने चादरीचा कोपरा धरला. दोघींनी मिळून घडी घातली, मग दुसरी.

"त्यांना सकाळी फोन कोण करणार आता?" तिने विचारलं.

"अजून कुणी नाही."

"मी करीन. तिकडून करायला काय झालं? एकटे आहेत हो ते. आणि गुडघा खरंच दुखतो त्यांचा, सांगत नाहीत."

टेलरबाईंनी तिच्याकडे नुसत्या नजरेनं माप घेतल्यासारखं पाहिलं.

"कर. पण वेळ पाळ. उशीर झाला की बोलून दाखवतो." त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि टेबलावरचा फोन जवळ ओढला. "जरा बाहेर थांबतेस? क्लबचं खासगी आहे."

"कुणाला करताय?"

"आहेत एक. काहीतरी काम द्या म्हणून मागे लागलेत. संध्याकाळी मोकळेच असतात हल्ली."

ती दारापर्यंत गेली. मागे बटणं दाबल्याचा आवाज आला. उंबऱ्यावर तिचं पाऊल जरासं रेंगाळलं. मग ती बाहेर आली, आणि आतलं काही ऐकू येऊ नये म्हणून दार तिने स्वतःच घट्ट ओढून घेतलं.