तीनशे एक खोटी माणसं

वाल्देसार्सा गावचा कत्तलखाना बंद पडला, तेव्हा भिंतीतले लोखंडी आकडे उपटून कासिल्दाने तिथे दहा संगणक मांडले. शहरातल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेलेच होते ते. त्यांवर तिने फुकट मिळणारी खुली प्रणाली चढवली. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, सुधारावी, शेजाऱ्याला द्यावी. शाळेत तीस वर्षं हेच शिकवलेल्या कासिल्दाला त्या प्रणालीचं भारी कौतुक. गावाला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. गावाला मेंढ्यांचे अर्ज भरायचे होते आणि स्वित्झर्लंडला गेलेली पोरं पडद्यावर बघायची होती.

पहिल्याच दिवशी खाती उघडताना गाडं नावांवर अडलं. अर्धं गाव मोरेनो, उरलेलं आरियास. सिक्स्तो मोरेनोच सहा निघाले. संगणक म्हणे, हे नाव आधीच घेतलंय.

"बाई, मग घराण्याचं टोपणनावच घाला की," मेंढपाळ फाउस्तीनो म्हणाला.

"कुठलं घालू?"

"आता माझ्या तोंडून वदवून घेता होय? सरका तिकडे." आणि त्याने एका बोटाने अक्षर अक्षर शोधत स्वतःच लिहिलं: मांजरखाऊ.

त्याच्या आजोबांनी उपासमारीच्या वर्षांत मांजर शिजवून खाल्लं होतं म्हणे. अशी नावं तिथे घरोघर चिकटलेली. ती पाठीमागे घ्यायची, तोंडावर नाही. तोंडावर घेतली की सोयरिकी मोडतात. पण पडद्यावर कोण बघतंय? लोकांना गंमतच वाटली. जो तो आपलं ओशाळवाणं नाव हसत हसत लिहून मोकळा झाला. दहा वर्षांत तीनशे बारा जण झाले.

मग एव्हारिस्तो सरपंच झाला. त्याला ही खोली बंद करून विकतची प्रणाली हवी होती, आणि तीही गावात नाही, तीस किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावात. म्हाताऱ्यांनी तिथवर जायचं कसं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्याच्याकडे शहरातून आणलेला एक गुळगुळीत तपासनीस होता. त्याने कासिल्दाची यादी गावच्या रहिवाशांच्या नोंदींशी ताडून पाहिली आणि भरसभेत सांगितलं, "तीनशे बारांपैकी खरी माणसं अकरा. बाकी सगळी खोटी. ही खोली कुणीच वापरत नाही."

सभागृह खचाखच भरलं होतं. ती 'खोटी' माणसं शेंगदाणे सोलत समोरच बसली होती. कासिल्दाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, सगळे इथेच आहेत!"

"मग वाचा ना, बाई," एव्हारिस्तो गोड हसला. तो त्याच मातीतला. कुठलं नाव कुणाचं, हे त्याला पाठ होतं. "मोठ्याने वाचा. ज्याचं त्याने हात वर करावा. शंभर हात आले तरी खोली राहील, माझा शब्द."

कासिल्दाने कागद हातात घेतला. "मांजरखाऊ."

तपासनीस फिसकन हसला. दुसऱ्या रांगेत फाउस्तीनो नखं बघत बसला होता. सोमवारी चार तास त्याने खोलीत काढले होते.

"फाउस्तीनो, अरे, हात वर कर."

"मी कशाला करू, बाई?" त्याचे कान लाल झाले होते. "माझं नाव फाउस्तीनो मोरेनो आहे."

"हे नाव यादीत नाही," तपासनीस म्हणाला.

"कोंबडीचोर," कासिल्दाने वाचलं. पाववाली ओबदुलिया शाल सारखी करू लागली. परदेशातल्या नातवाने टाकलेलं पहिलं पाऊल तिने त्याच खोलीत पडद्यावर पाहिलं होतं, आणि कासिल्दाच्या गळ्यात पडून रडली होती. आता तिला शालीतून डोकं वर काढवेना.

"अगं ओबदुलिया, पाहुण्याची कसली लाज! तो उद्या निघून जाईल. खोली गेली तर परत यायची नाही. एक हात वर करायला इतकं जड जातंय?"

कुणी हललं नाही. कासिल्दाला त्या सगळ्यांची किळस आली. भेकड मेले, तिच्या मनात आलं. दहा वर्षं यांच्यासाठी हाडं झिजवली ती कशाला? तिने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

खरजुले.

तिच्या सासरचं नाव. लग्नाच्या वरातीत कुणीतरी दाराआडून ओरडलं होतं, आणि ती नव्या कपड्यांत मान खाली घालून चालली होती. यादीत ते तिनेच घातलं होतं, खोलीत एकटी असताना.

शेंगदाणे सोलणारे हात थांबले. दहा वर्षं पडद्यावर रोज हीच यादी उघडायची; कोंबडीचोरच्या खाली कुठलं नाव आहे आणि ते कुणाचं, सगळ्यांना ठाऊक होतं. फाउस्तीनोने पहिल्यांदाच मान वर केली. ओबदुलियाही शालीतून तिच्याकडेच बघत होती. बाईंचा हात वर गेला असता तर त्यांचेही गेले असते, हे कासिल्दाला त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसलं.

"पुढचं नाव, बाई?" तपासनिसाने पेन उचललं.

कासिल्दाने बोट एक ओळ खाली सरकवलं आणि खरजुलेच्या पुढचं नाव वाचलं.