भुताचे काम मिळालेली टोपली

मी एक जुनी टोपली आहे. वेताची नाही, बांबूची नाही, कागदाची. मित्रांनो, कागदाची टोपली म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडाल, हे मला ठाऊक आहे. पण जरा थांबा. तुमच्यापैकी किती जणांनी सिनेमात काम केले आहे? मी केले आहे. तेही साधेसुधे नाही, चक्क भुताचे!

माझा जन्म आळंद तालुक्यातल्या एका लहान गावात, काशाप्पा आणि बाणूबाई यांच्या घरी झाला. मेंढरे राखणारे घर. बाणूबाई तेव्हा बाळंतीण होती. रानात जायचे नव्हते आणि रिकामे बसणे तिच्या स्वभावात नव्हते. तिने कागद गोळा केले. निवडणुकीची पत्रके, सिमेंटच्या फाटक्या पिशव्या, किराण्याच्या पुड्या. काही कानडी, काही मराठी, काही उर्दू. तीन दिवस ते भिजत घातले, भिजवलेल्या मेथ्यांबरोबर उखळात कुटले आणि तो लगदा पालथ्या घागरीवर थापून उन्हात ठेवला. म्हणून मी घागरीसारखी गोल झाले. तिन्ही भाषा पोटात गेल्यामुळे मला तिन्ही कळतात, असे मी आपले मानते. शेजारी घोंगडीवर दोन महिन्यांची म्हाळसा हातपाय झाडत होती. आम्ही दोघी एकाच उन्हात शेकून निघालो.

पुढची बारा-तेरा वर्षे माझी चंगळ होती. माझ्यात तुरीची डाळ राहिली, भाजलेले शेंगदाणे राहिले, सणाच्या आदल्या दिवशी शेवया राहिल्या. मेथीच्या कडूपणामुळे डाळीला कीड लागत नसे. आयाबाया म्हणायच्या, "टोपली करावी तर बाणूबाईनं." मी फुगून जायचे. मग घरात स्टीलचे डबे आले. चकाकणारे, झाकणवाले. मला कोपऱ्यात, मोडक्या पाटाखाली जागा मिळाली. तिथे एका उंदराने माझ्या अंगाला शेजारी शेजारी दोन भोके पाडली. माझा उपयोग संपला. बाणूबाईने मला टाकून दिले नाही, एवढेच.

त्याच सुमारास म्हाळसाचेही बरे चालले नव्हते.

गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीपासून ती शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कूलला चालत जाऊ लागली. तिच्या कपड्यांना लोकरीचा वास यायचा, घरात मेंढरे असल्यावर येणारच. पहिल्याच आठवड्यात तिने वर्गात पाऊल टाकले आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "ब्याँऽऽ!" मग सगळा वर्ग ओरडला, "ब्याँऽऽ!" सुरुवात करणारा नरसिंग. पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, आवाजाचा खणखणीत, नकलांत पटाईत. त्याला सगळे भीत, म्हणून सगळे त्याच्यामागून ओरडत. हे रोज चालले. आठवीभर चालले, नववीतही चालले. कुणी मारले असते तर वळ तरी दाखवता आला असता. या आवाजाचा वळ कुठे दाखवायचा?

घरी तिने एवढेच सांगितले, "अप्पा, मला शाळा नको."

काशाप्पा साधा माणूस. त्याने खोदून विचारले नाही. "नको तर नको. दिवाळीपतोर जाऊ दे शाळंला, तुळशीचं लगीन झालं की हिचा बी बार उडवून टाकू," असे बाणूबाईला म्हणाला. तिकडे एका गावात निलम्मा नावाच्या बाईचा मुलगा लग्नाचा होता. ती मंडळी दसऱ्याला मुलगी बघायला येणार असे ठरले. म्हाळसा तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि तिचे गणित वर्गात सगळ्यांत चांगले होते.

एके दिवशी ती शाळेतून आली, मोडका पाट सरकवला आणि मला उचलून माझ्यात तोंड घातले. रडली. आईला ऐकू जाऊ नये म्हणून. मला कुणी इतके जवळ कधी धरले नव्हते. रडे ओसरल्यावर तिने डोळे उघडले, तर समोर दोन भोके, आणि त्या भोकांतून चूल दिसत होती. ती तशीच उठून चुलीपाशी गेली. बाणूबाईने वळून पाहिले आणि अशी किंचाळली की हातातली भाकरी राखेत पडली.

"म्हाळसे! जीव घेतीस का माझा?" असे ती ओरडली, आणि मग हसायलाच लागली. आत म्हाळसाही हसली. कित्येक महिन्यांनी हसली.

आता मला सिनेमात घेणारा नागनाथअण्णा कोण ते सांगते. आळंदचा लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणारा माणूस. आषाढ लागला की मुहूर्त बंद, आणि त्याचा कॅमेरा पेटीत झोपलेला. त्या रिकाम्या दिवसांत त्याला एक सिनेमा काढायचा होता, आपल्याच भागातल्या पोरांना घेऊन. नाव ठरले होते 'नववीतलं भूत'. एका मुलाला वर्ग चिडवतो, मग शाळेत भूत येते आणि चिडवणाऱ्यांची बोबडी वळवते. भीतीही वाटावी आणि हसूही यावे. हीच गोष्ट का, असे म्हाळसाच्या हायस्कूलचे हेडमास्तर शिवशंकरप्पांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, मला शाळेत लांब बसवायचे. वरून ओंजळीत पाणी ओतायचे. तवा एखादं भूत यायला पाहिजे हुतं, असं लई वाटायचं."

शिवशंकरप्पांनी वर्गाची किल्ली त्याच्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "भूत आणा. पण रविवारी आणा, हं. माझे तास बुडायचे न्हाईत."

भुताला मुखवटा हवा होता. म्हाळसा मला घेऊन गेली. नागनाथअण्णाने मला चुना फासला, काजळाने भुवया काढल्या, कुंकवाने दात रंगवले आणि मला उचलून तो म्हणाला, "वा! आता हे घालणार कोण?" सगळ्यांच्या आधी नरसिंग पुढे झाला. पण म्हाळसाने मला छातीशी धरले. "टोपली माझी हाय. भूत मीच."

नरसिंग चिडला. "मग हिरो कोण?"

"हिरो तू हो की," नागनाथअण्णा म्हणाला. हिरो काय करतो, हे विचारायचे नरसिंगच्या डोक्यात आले नाही. हिरो म्हणजे ज्याला सगळे चिडवतात तो, हे त्याला कॅमेरा सुरू झाल्यावर कळले. "तुमी कसं चिडवता रे एकमेकाला?" नागनाथअण्णाने पोरांना सहज विचारले, आणि चाळीस तोंडांतून एकदम निघाले, "ब्याँऽऽ!"

लग्नात हार एकदाच पडतो, पुन्हा घाला म्हणता येत नाही. पुन्हा पुन्हा घ्यायची ती सगळी हौस अण्णाने त्या दिवशी भागवून घेतली. एकदा कुत्रे मध्ये आले, एकदा वीज गेली, एकदा मुले हसली. नरसिंग दारातून आत यायचा, वर्ग ओरडायचा. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. चौदा वेळा! नवव्या वेळेपासून त्याच्या डोळ्यांत आले ते पाणी खरे होते. अण्णाला वाटले, पोरगा काम झकास करतो. आणि म्हाळसा? ती माझ्या आत गदगदा हसत होती. खोटे कशाला सांगू, मलाही बरे वाटले.

पण मित्रांनो, त्या रविवारचे शूटिंग संपले तरी ओरडणे संपले नाही. सोमवारी नरसिंग वर्गात शिरला तसा वर्ग ओरडला. मंगळवारी ओरडला. आजवर त्याला भ्यालेली मुले आता उट्टे काढत होती. म्हाळसाच्या बाकाकडे कुणी बघत नव्हते. "सुटले एकदाची," असे ती घरी येऊन माझ्यापाशी पुटपुटली. गुरुवारी नरसिंग शाळेत आला नाही. रविवारी शूटिंगलाही आला नाही. भुताने हिरोला वाचवायचा प्रसंग तेवढा राहिला होता, आणि हिरोचाच पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी म्हाळसा मला मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मला काखेत मारून सरळ गिरणीवर गेली. नरसिंग पोत्यांच्या मागे बसला होता. पिठाने पांढरा झालेला, भूत तोच वाटावा असा.

"कामून आलीस? हसायला?"

"न्हाई."

"दोन वर्सं तू कसं सोसलीस?"

म्हाळसाने मला पुढे केले. "हिच्यात तोंड घालून रडायचं. भाईर ऐकू येत न्हाई. घे."

त्याने मला घेतले. घेताना इकडेतिकडे बघितले आणि तोंड आत घातले. मित्रांनो, मी एवढी वर्षे डाळदाणे सांभाळले, पण त्या दिवसाइतके मोलाचे काम माझ्याकडून कधी झाले नाही. दोघांचीही आसवे मी चाखली. चव एकच होती. आतूनच तो म्हणाला, "चुकलं माझं, म्हाळसा." ती म्हणाली, "उद्या शाळंला ये. मी हाय."

तो आला. दारात थबकला. वर्गाने तोंड उघडले, "ब्याँऽऽ!" तशी म्हाळसा बाकावर उभी राहिली. उघड्या तोंडाने बोलायची हिंमत तिच्यात नव्हती, म्हणून तिने मला डोक्यावरून ओढून घेतले होते.

"गप बसा!" ती ओरडली. "दोन वर्सं झाली चिडवायलाव, अन् अजून नीट येत न्हाई तुमाला! हे शेळीचं वरडणं हाय. आमच्या घरी एक बी शेळी न्हाई. मेंढरं हायत. मेंढी कशी वरडती, ऐका."

आणि तिने आवाज काढला. जाड, घोगरा, थरथरणारा, लांबच लांब. खिडकीबाहेरची गाय मान वर करून बघू लागली. वर्ग फिदीफिदी हसला. म्हाळसा तशीच उभी राहिली.

"कोकरू चुकलं की ती अशी वरडती," ती म्हणाली. "सापडंस्तवर थांबत न्हाई. ह्यात हसायासारखं काय हाय?"

मग मात्र कुणी हसले नाही. नरसिंग हळूच येऊन तिच्या बाकाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मला शिकव की." त्याने प्रयत्न केला, पण आवाज खोकला लागलेल्या म्हाताऱ्यासारखा निघाला. तेव्हा जे हसू फुटले त्यात नरसिंग होता, म्हाळसा होती आणि मीही होते. पुढच्या रविवारी नागनाथअण्णाने हाच प्रसंग जसाच्या तसा घेतला.

दसऱ्याच्या आठवड्यात, दिवेलागणीला, शाळेच्या पटांगणात टेबलावर टीव्ही मांडला गेला. सारे गाव लोटले. आमच्या गावची माणसेही आली. मुलगी बघायला आलेली निलम्मा आणि तिची मंडळीही काशाप्पाबरोबर आली. अण्णाने कॅसेटचे मिक्सिंग सोलापुरात करून आणले होते, आणि तिथल्या माणसाकडे सामान होते ते लग्नाचेच. त्यामुळे झाले काय, अंधाऱ्या वर्गात भूत आले ते बदामाच्या आकारातून! वरून गुलाबाच्या पाकळ्या पडू लागल्या आणि मागे सनई वाजू लागली. एका म्हातारीने सवयीने डोक्यावर पदर घेतला. लोक लोळून लोळून हसले. अण्णाने कपाळाला हात लावला. मी म्हणते, त्यात वाईट काय झाले? इतके सुंदर भूत कुणी पाहिले असेल?

मग म्हाळसाचे ते बोलणे आले. दोन वर्सं झाली चिडवायलाव. आणि तो आवाज आला.

काशाप्पाचे हसणे थांबले. तो आवाज त्याने जन्मभर रानात ऐकला होता. त्याने बाणूबाईकडे वळून विचारले, "दोन वर्सं?" बाणूबाईने पदर डोळ्यांना लावला. मी म्हाळसाच्या मांडीवर होते. तिची बोटे माझ्या कडेत रुतली होती.

सिनेमा संपला, दिवा लागला. निलम्माने विचारले, "ते टोपलीवालं भूत कुणाचं पोरगं हुतं वो?"

काशाप्पा उभा राहिला. भरल्या पटांगणात तो कधी बोलला नव्हता. "माझी लेक हाय ती," तो म्हणाला. "म्हाळसा. नववीला हाय. दहावीला जाणार हाय, अन् फुडं बी शिकणार हाय. पाव्हणं, तुमी जेवून जावा, राग मानू नका. पर पोरगी दाखवायची न्हाई मला आता."

म्हाळसाने मला घट्ट धरले. माझी एक कड त्या वेळी दबली, ती अजून तशीच आहे. मला ती फार आवडते.

आता म्हाळसा कलबुर्गीला वसतिगृहात राहून शिकते. सुट्टीला आली की मला झटकून उन्हात ठेवते. माझा चुना उडाला आहे, भुवया पुसल्या आहेत, आणि पावसाळ्यात माझे अंग मऊ पडते. पण माझी तक्रार नाही. मला थापणाऱ्या बाणूबाईची, माझ्यात रडलेल्या त्या दोन मुलांची आणि रिकाम्या दिवसांत भूत शोधत आलेल्या नागनाथअण्णाची मी ऋणी आहे. कोपऱ्यात पडलेल्या टोपलीला याहून अधिक काय मिळायचे?

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा उचलून बघा. आणि तुमच्या वर्गात कुणी रोज मान खाली घालून आत येत असेल, तर त्याच्यासाठी भूत येण्याची वाट पाहू नका. आपल्या जागेवरून उठा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.